दुखणे गेले, दुखणे उरले

मराठीत 'दुखणे' हा शब्द मोठा सोयीचा, पण तितकाच फसवा आहे. रोगालाही दुखणे म्हणतात आणि रोगामुळे होणाऱ्या वेदनेलाही दुखणेच म्हणतात. अमुक गृहस्थ दुखण्यातून उठले असे कोणी सांगितले, की ते रोगातून मुक्त झाले आणि वेदनेतूनही सुटले, असे ऐकणारा धरून चालतो. पुष्कळदा ते खरेही असते. ताप उतरला म्हणजे अंगदुखी जाते. गळू फुटून वाहून गेले म्हणजे ठणका थांबतो. परंतु काही रोग असे आहेत, की ज्यांत पहिल्या अर्थाचे दुखणे जाते आणि दुसऱ्या अर्थाचे मागे राहते. मूत्राशयाचा कर्करोग हा त्यांपैकी एक होय. तपासणीचे कागद निर्दोष येतात, डॉक्टर अभिनंदन करतात, घरी देवापुढे साखर ठेवली जाते. आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो मात्र रात्री कूस बदलत जागा असतो. पहिले काही महिने घरची माणसे त्याची विचारपूस करतात. वर्ष उलटले, की त्याचे सांगणे कुरकुर वाटू लागते. दोन वर्षांनी तो सांगणेच सोडून देतो.

हे मागे उरलेले दुखणे खरे आहे, रोग्याच्या मनाचा तो खेळ नाही, एवढी साधी गोष्ट मान्य करावयास वैद्यकविद्येला सुमारे दीडशे वर्षे लागली. त्या दीडशे वर्षांत दोन प्रवाह बराच काळ एकमेकांना न भेटता वाहत होते. एक प्रवाह मूत्राशयातील गाठीशी झगडणाऱ्यांचा आणि दुसरा वेदनेचे कोडे सोडवू पाहणाऱ्यांचा. ते दोन प्रवाह कसे निघाले आणि कोठे मिळाले, हे पाहण्यासारखे आहे.

पहिल्या प्रवाहाचा उगम जर्मनीत सापडतो. मूत्राशय हा ओटीपोटात खोल दडलेला अवयव. मूत्रातून रक्त गेले म्हणजे आत काही बिघडले आहे एवढे समजे, पण काय बिघडले हे पाहण्याचे पुरेसे साधन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हते. मॅक्स नित्से या जर्मन वैद्यांनी १८७७ मध्ये ड्रेस्डेन येथे आणि पुढे सुधारून १८७९ मध्ये व्हिएन्ना येथे एक नळी दाखविली. मूत्रमार्गातून आत सरकविता येणाऱ्या या नळीच्या टोकाशी प्लॅटिनमची तार विजेने तापून प्रकाश देत असे, आणि तिच्या धगीने आतला भाग भाजू नये म्हणून भोवती पाणी खेळविलेले असे. मूत्राशयाचे आतले अस्तर माणसाला अशा रीतीने जिवंतपणी दिसू लागले.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८९५ मध्ये, फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी एक विलक्षण गोष्ट उघडकीस आणली. माणसाच्या जखमी हृदयाला यशस्वी टाका घालण्याचा मान दुसऱ्याच वर्षी ज्यांना मिळाला, तेच हे रेन. कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग तयार करण्याचा धंदा तेव्हा जर्मनीत भरभराटीला आला होता. युरोपातील स्त्रियांच्या झग्यांना नवी झळाळी देणारा फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनविणाऱ्या पंचेचाळीस कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात गाठी असल्याचे रेन यांना आढळले. हा योगायोग नव्हे, कारखान्यातील वाफेचा व द्रव्यांचा हा प्रताप आहे, असे त्यांनी शस्त्रवैद्यांच्या परिषदेत मांडले. पुढील संशोधनाने या आरोपातील गुन्हेगार अधिक नेमके केले. बीटा-नॅप्थिलअमाईन, बेंझिडीन ही ती द्रव्ये होत. आज तर या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर हेच मानले जाते, कारण धुरातील अशीच द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडांत आणि तेथून मूत्राशयात येऊन तासन्‌तास साठून राहतात.

गाठ दिसू लागली, तिचे कारण कळू लागले. आता ती काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. कोलोनचे बार्डेनहॉयर यांनी १८८७ मध्येच संपूर्ण मूत्राशय काढून टाकण्याचे धाडस केले होते, पण मूत्रपिंडांकडून येणाऱ्या मूत्राला वाट कोठून द्यावी याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते आणि रोगी थोड्याच दिवसांत दगावला. न्यूयॉर्कचे एडविन बिअर यांनी १९१० मध्ये नित्सेच्या नळीतूनच विद्युत्प्रवाह नेऊन लहान गाठी जाळण्याची युक्ती काढली. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेले रेडियम विसाव्या शतकाच्या आरंभी मूत्राशयातही पोहोचले. तरी मूत्राच्या वाटेचा प्रश्न सुटण्यास १९५० साल उजाडावे लागले. अमेरिकेतील सेंट लुईस येथे युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा वीतभराहून कमी तुकडा वेगळा करून त्यात दोन्ही मूत्रवाहिन्या जोडल्या, त्याचे एक तोंड बंद केले व दुसरे पोटाच्या कातडीवर आणून उघडले. तेथे लावलेल्या पिशवीत मूत्र जमू लागले. जगभर लक्षावधी माणसांचे प्राण ज्या मार्गाने वाचले, तो हा मार्ग.

या साऱ्या उपचारांचा अनुभव एकाच माणसाच्या वाट्याला कसा येतो, याचे उदाहरण अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या चरित्रात दिसते. १९७३ मध्ये त्यांच्या मूत्राशयावर किरणोपचार झाले, १९७६ मध्ये मूत्राशय काढावे लागले, आणि १९७८ च्या जानेवारीत ते निवर्तले. मधल्या काळात ते सेनेटच्या कामावर परतले आणि आपल्या रोगाविषयी उघडपणे बोलले. सभ्य समाजात ज्या अवयवाचे नावही घेत नसत, त्याविषयी एवढ्या मोठ्या पदावरील माणसाने बोलावे, हे त्या काळी लहान धैर्य नव्हते. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, कॅनडातील किंग्स्टन येथे अल्वारो मोरालेस यांनी क्षयावरील बी.सी.जी. लस मूत्राशयात सोडून वरवरच्या गाठी परत परत येण्याचे थांबविता येते, असे नऊ रोग्यांवरील अनुभवाने दाखवून दिले. ती लस आजही या रोगावरील प्रमुख साधनांपैकी एक आहे.

ही विजयाची कथा आहे आणि तिला उणेपणा आणण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक विजयाने शरीराच्या खात्यावर थोडे देणे मांडून ठेवले. किरणांनी गाठीबरोबर भोवतालच्या निरोगी अस्तरातील बारीक रक्तवाहिन्याही होरपळतात. मग कधी महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी मूत्राशय आकसतो, कडक होतो, घटकेघटकेला भरल्यासारखा वाटून कळ आणतो, केव्हा रक्तही टाकतो. बी.सी.जी.च्या लशीने अस्तराला जाणूनबुजून सूज आणली जाते. बहुतेकांची आग थोड्या दिवसांत शमते, काहींची रेंगाळते. शस्त्रक्रियेत ओटीपोटातील नाजूक मज्जातंतू दुखावतात, आतडी एकमेकांस चिकटतात, पोटावरील छिद्राशेजारी अंतर्गळ होतो. मूत्राशय काढून टाकलेल्या काहींना तर नसलेला मूत्राशय भरल्याचा भास होतो. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने तळपायांना मुंग्या येतात व बोटे बधिर होतात. आणि दीर्घकाळ वेदनेच्या धास्तीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मूठ आवळावी तसे आवळून बसतात. मग मूळ जखम भरली तरी तो आवळलेपणाच दुखत राहतो.

शस्त्रवैद्याच्या दृष्टीने मात्र रोगी बरा झालेला असतो. गाठ परत आली का, हा त्याचा प्रश्न. तिचे उत्तर 'नाही' असे आले, की त्याची वही मिटते. रोग्याच्या वहीत जे पान उघडे राहते, त्याला वैद्यकात कित्येक वर्षे मथळाच नव्हता. तो मथळा लिहिणारी माणसे दुसऱ्या प्रवाहातील होती.

वेदनेविषयी युरोपीय वैद्यकाची जी समजूत रूढ झाली, तिचे चित्र फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या मृत्यूनंतर १६६४ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सापडते. पायाशी विस्तव आहे. त्याचा चटका बसताच एक दोरी ओढली जाते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, मेंदूत, घंटा वाजते. कल्पना अतिशय सुबोध होती आणि म्हणूनच दीर्घायुषी ठरली. परंतु तिच्यातून एक निष्ठुर निष्कर्ष निघत होता. विस्तव विझला असेल तर घंटा वाजता कामा नये; तरीही रोगी ती ऐकतो म्हणत असेल, तर एक तर तो खोटे बोलतो, नाही तर त्याचे चित्त ठिकाणावर नाही. रोग गेल्यावरही दुखते म्हणणाऱ्या असंख्य माणसांना पिढ्यान्‌पिढ्या हा न्याय मिळाला.

या न्यायाला पहिला जबर धक्का अमेरिकेच्या यादवी युद्धाने दिला. फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात सायलस वेअर मिचेल व त्यांचे दोन सहकारी मज्जातंतूंना गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करीत होते. जखमा भरून आल्या तरी काहींच्या हातापायांची अशी आग होत असे, की कापडाचा स्पर्श किंवा कागदाचा फडफडाटही सोसवत नसे. १८६४ मध्ये त्यांनी या निरीक्षणांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे कापून टाकलेल्या अवयवांत होणाऱ्या वेदनेलाही मिचेल यांनी नाव दिले. हे सैनिक भित्रे नव्हते, रणांगणावर त्यांनी ते सिद्ध केले होते. म्हणून त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखविणे अवघड होते. पहिल्या महायुद्धातील जखमींवर उपचार केलेले फ्रेंच शस्त्रवैद्य रेने लेरिश यांनी आणखी एक पाऊल टाकले. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की दीर्घकाळची वेदना ही दुसऱ्या रोगाची केवळ दवंडी नव्हे. ती स्वतःच एक रोग होय.

हा विचार पुस्तकातून रुग्णालयात आणण्याचे श्रेय मात्र एका पहिलवानाकडे जाते. जॉन बोनिका यांचा जन्म १९१७ मध्ये सिसिलीजवळच्या फिलिकुडी या चिमुकल्या बेटावर झाला. दहाव्या वर्षी ते आईबापांबरोबर अमेरिकेत आले. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी ते जत्रांतून व आखाड्यांतून पैशांवर कुस्त्या खेळत, आणि लष्करात डॉक्टर झाल्यावर ओळख लपविण्यासाठी मुखवटा घालूनही त्यांनी हा उद्योग चालू ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन संस्थानातील मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करीत असता त्यांच्यापुढे असे शेकडो सैनिक आले, की ज्यांच्या जखमा भरल्या होत्या, पण वेदना भरली नव्हती. बोनिका यांनी जाड जाड पाठ्यपुस्तके चाळली. त्यांत वेदना कशी ओळखावी याचे मार्गदर्शन फार थोडे, आणि ती कशी शमवावी याचे त्याहूनही थोडे होते. मग त्यांनी जेवणाच्या मेजावर मज्जातज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, मनोवैद्य अशा सहकाऱ्यांना एकत्र बसवून एकेका रोग्याविषयी चर्चा सुरू केली. एकट्या वैद्याला न उकलणारे कोडे चौघांच्या बोलण्यात उकलू लागते, असा त्यांना अनुभव आला.

या अनुभवातून १९५३ मध्ये त्यांचा सुमारे दीड हजार पृष्ठांचा वेदनाविषयक ग्रंथ बाहेर पडला. १९६० मध्ये ते सिॲटलच्या विद्यापीठात गेले आणि तेथे अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून चालविलेले वेदना-उपचार केंद्र उभे राहिले. १९७३ मध्ये त्यांनी सिॲटलजवळच्या इसाक्वा या गावी देशोदेशींचे संशोधक जमविले आणि त्यातून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था जन्मास आली. विशेष हे, की बोनिका स्वतः या रोगाचे रोगी होते. आखाड्यातील पछाडण्यांनी त्यांचे सांधे कायमचे निकामी झाले होते, अनेक शस्त्रक्रिया होऊनही १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत वेदनेने त्यांची पाठ सोडली नाही. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण त्यांच्या बाबतीत एका नव्या शास्त्राचे बीज ठरली.

त्याच काळात देकार्तच्या दोरीचीही तपासणी चालू होती. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि इंग्रज शास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये असा सिद्धांत मांडला, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत एका दारातून जातो. ते दार दुसऱ्या संवेदनांनी अंशतः मिटते. म्हणून तर ठेच लागलेले बोट आपण नकळत चोळतो. मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांनीही ते उघडते वा मिटते. म्हणून भीती, एकटेपणा, निद्रानाश यांनी वेदना वाढते आणि दिलासा, उद्योग, करमणूक यांनी उतरते. या सिद्धांताचे कित्येक तपशील पुढे बदलले, पण मन व शरीर यांच्यामधली भिंत त्याने जी पाडली, ती पुन्हा उभी राहिली नाही. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्रयोगांनी दाखविले, की दुखापतीनंतर मज्जारज्जूतील पेशीच अधिक हळव्या होतात. विस्तव विझल्यावरही घंटा का वाजत राहते, याचे उत्तर मिळू लागले: घंटा स्वतःच बदललेली असते. यात रोग्याचा दोष तो कोणता?

मेलझॅक यांचे आणखी एक काम घरगुती माणसाला अधिक उपयोगी पडण्यासारखे आहे. पोर्टलंड येथे विल्यम लिव्हिंग्स्टन यांच्या दवाखान्यात, पाय कापावे लागलेल्या एका वृद्धेच्या तोंडून वेदनेचे नाना प्रकारचे शब्द ऐकता ऐकता ते शब्द लिहून ठेवण्याचा त्यांना छंद जडला. त्या शब्दसंग्रहातून १९७५ मध्ये एक प्रश्नावली तयार झाली. 'किती दुखते?' यापेक्षा 'कसे दुखते?' हा प्रश्न अधिक फळ देतो, हे तिचे मर्म. या बाबतीत मराठी भाषा किती श्रीमंत आहे, हे सहज ध्यानात येते. कळ येते, ठणका लागतो, चमक मारते, सल राहतो, आग होते, चरचरते, ठुसठुसते, हुळहुळते, झिणझिण्या येतात, ओढ लागते. हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. येऊन जाणारी कळ ही बहुधा पोकळ अवयवाच्या आकुंचनाची असते. आग, चमक, झिणझिण्या, कपड्याच्या स्पर्शाने होणारी हुळहूळ ही मज्जातंतूंकडे बोट दाखविते. बसल्यावर वाढणारी ओढ व जडपणा आवळलेल्या स्नायूंची शंका आणतो. ठणका आणि ताप एकत्र असले तर जंतूंचा शोध घ्यावा लागतो. ज्या रोग्याने आपला नेमका शब्द निवडून डॉक्टरांपुढे ठेवला, त्याने अर्धे निदान हातात दिले असे म्हणावयास हरकत नाही.

हा भेद महत्त्वाचा अशासाठी, की प्रत्येक प्रकाराचे औषध निराळे आहे. मज्जातंतूंच्या आगीवर नेहमीची वेदनाशामके फारशी चालत नाहीत. तेथे खिन्नतेसाठी निघालेले अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा अपस्मारासाठी निघालेले गॅबापेंटीन काम देते. अशी गोळी हातात पडली म्हणजे 'डॉक्टरांनी मला वेडा ठरविले' असे वाटून घेण्याचे कारण नसते. आवळलेल्या स्नायूंना ते सैल सोडण्याची शिकवण द्यावी लागते आणि त्यासाठी या विषयात तरबेज असलेले फिजिओथेरपिस्ट लागतात. किरणांनी होरपळलेल्या मूत्राशयावर दाबाखालच्या प्राणवायूचा उपचार करून पुष्कळ रोग्यांचा त्रास कमी होतो, असे उत्तर युरोपातील देशांत झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. मात्र वेदना अकस्मात नवी वा निराळी वाटू लागली, मूत्रात रक्त दिसले किंवा ताप आला, तर जुनेच दुखणे म्हणून अंगावर काढू नये. रोग परतला नाही ना, हे प्रथम पाहून घेणे अवश्य असते.

औषधांच्या पलीकडचा भाग सिॲटलच्याच केंद्रातील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी विकसित केला. त्यांच्या ध्यानात असे आले, की दीर्घकाळ दुखणारा माणूस बऱ्या दिवशी आठवड्याचे काम उरकू पाहतो आणि मग तीन दिवस अंथरुणाला खिळतो. हळूहळू हे बरे दिवसही कमी होतात आणि त्याचे जग खोलीपुरते आखडते. यावर फोर्डाइस यांचा उपाय साधा होता. दुखू लागेपर्यंत चालत राहू नये. किती पावले चालावयाची हे आधी ठरवावे, तेवढी झाली की बरे वाटत असले तरी थांबावे, आणि दुसऱ्या आठवड्यात तीत थोडी भर घालावी. विसावाही घड्याळाने घ्यावा, वेदनेच्या हुकमाने नव्हे. वेदना पूर्ण जाईपर्यंत आयुष्य थांबवून ठेवण्यापेक्षा तिला एका कोपऱ्यात जागा देऊन बाकीचे घर आपल्या ताब्यात ठेवावे, असा या पद्धतीचा आशय सांगता येईल. १९७९ मध्ये अमेरिकेतील वुस्टर येथे जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतलेल्या सजगतेच्या अभ्यासाची जोड दुखणाईतांना दिली. त्याने वेदना नाहीशी होतेच असे नाही. पण वेदनेभोवती साठणारे भय पुष्कळांचे कमी होते.

या सर्व विचारांना ज्या शब्दात सामावून घेता येते, तो शब्द लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी दिला. प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्टोफर हे शुश्रूषागृह काढले. अंथरुणाला टेकलेल्या रोग्यांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकून त्या 'समग्र वेदना' या निर्णयाला आल्या. शरीराचे दुखणे, मनाची काळजी, घरसंसाराची ओढाताण आणि 'हे माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न, या चारही धाग्यांनी एकच दोर वळलेला असतो. मूत्राशयाच्या रोगातून वाचलेल्याला हे तंतोतंत लागू पडते. पोटावरची पिशवी गळेल या भीतीने तो लग्नकार्याला जात नाही. पतिपत्नींच्या सहवासात आलेल्या अंतराविषयी कोणापाशी बोलता येत नाही. दर तपासणीच्या आधीचा आठवडा झोपेविना जातो. ही सारी दुखणी कोणत्याही एका गोळीच्या आटोक्यातली नाहीत.

वेदनेची हाक ऐकू आल्यावर वैद्यकाने एक मोठी चूकही केली, तीही नोंदली पाहिजे. मरणोन्मुख रोग्यांसाठी मॉर्फिन नियमित व निर्भयपणे वापरावे, हा सॉन्डर्स यांचा धडा योग्य होता. परंतु १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत, औषधकंपन्यांच्या प्रचाराच्या भरात, तोच न्याय वर्षानुवर्षे जगावयाच्या माणसांच्या दुखण्यालाही सरसकट लावला गेला. गोळ्यांच्या व्यसनाने सुरू झालेल्या त्या संकटात पुढे हेरॉइन व फेंटानिल यांची भर पडून लाखो माणसे दगावली. म्हणून कर्करोगातून वाचलेल्याला अफूवर्गीय औषध द्यावयाचे, तर ते हिशेबाने, ठराविक हेतूने व वेळोवेळी फेरविचार करूनच द्यावे, असे आता मानतात.

भारताने याच्या नेमकी उलट चूक केली. ज्या देशातून, आणि विशेषतः ज्या मुंबई बंदरातून, एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू पेट्यांनी भरून चीनकडे जात होती, आणि जेथे औषधासाठी अफू आजही परवान्याने पिकविली जाते, त्याच देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे तीव्र वेदनेने तळमळणाऱ्या रोग्यालाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट काहीशी सुकर झाली. दरम्यान माणसे स्वस्थ बसली नव्हती. परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने कर्करोगाच्या उपचाराचा पाया घातला होता; १९८६ मध्ये मुंबईतच वांद्रे येथे डॉ. डिसूझा यांच्या पुढाकाराने 'शांती आवेदना सदन' हे देशातील पहिले शुश्रूषागृह निघाले. आणि १९९३ मध्ये कोळिकोडे येथे डॉ. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी वेदनाशमनाची जी संस्था काढली, तिच्या स्वयंसेवकांनी केरळात घरोघर जाऊन रोग्यांची विचारपूस करण्याची प्रथा पाडली. औषध पोहोचण्यापूर्वी ऐकणारा माणूस पोहोचला, तरी वेदनेचे ओझे हलके होते, हे त्या चळवळीने दाखवून दिले.

दोन प्रवाहांचा संगम अखेरीस एका रुक्ष सरकारी कागदावर झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेली रोगांची अकरावी यादी हाच तो कागद. तीत दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतःचे सविस्तर वर्गीकरण मिळाले, आणि त्यात 'कर्करोगाच्या उपचारानंतरची दीर्घकालीन वेदना' ही नोंद स्वतंत्रपणे आली. त्याआधी, २०२० मध्ये, बोनिका यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेनेही वेदनेची आपली व्याख्या सुधारताना एक टीप जोडली होती: मला दुखते असे जो सांगतो, त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

फ्रँकफुर्टच्या कारखान्यातील त्या तिघा कामगारांची संख्या इतिहासाने जपून ठेवली. त्यांच्या रात्री कशा गेल्या, याची गणती त्या काळी कोणी करीत नव्हते. आज ती करण्यासाठी यादीत जागा झाली आहे. ही जागा भरण्याचे काम रुग्णालयात जितके होईल, तितकेच घरातही व्हावयाचे आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला 'आता बरे आहे ना?' असे विचारून त्याच्या होकाराची वाट पाहण्यापेक्षा 'आज कसे दुखते आहे?' असे विचारून त्याच्या उत्तराला थांबावे. मराठीने एकाच शब्दात कोंबलेले दोन अर्थ त्या एका प्रश्नाने वेगळे होतात, आणि रात्री जागणाऱ्याला आपण एकटे नाही एवढे तरी कळते.